वावराला हळद लागली, पण पाणी कोण आणणार?

मागच्या अंकात आपण चार ओळींत एवढंच छापलं होतं की आपल्या भागातल्या एका नगरपालिकेने गावाबाहेरची साधारण २० एकर जमीन ग्रीन झोनमधून काढून रहिवासी झोनमध्ये टाकायचा ठराव केलाय, तिथं मोठी कॉलनी व्हायचीय, सुनावणीत लोकांची आणि साहेबांची चांगलीच जुंपली, ज्याला काही विचारायचं असेल त्याने लिहा. तर भो, एवढी पत्रं आली की यावेळी सगळं सदर याच विषयाला दिलंय. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. तापीकाठचं समजा, गिरणाकाठचं समजा नाहीतर पांझराकाठचं, गोष्ट सगळीकडे जवळपास तीच असते.

नवीन वाचकांसाठी एक ओळ माझ्याबद्दल. मी नगररचनेत आरेखक होतो, नकाशात रंग भरता भरता नोकरी संपली. शेती झोन हिरवा आणि रहिवासी पिवळा. एखाद्या गट नंबरवर हिरव्याचा पिवळा रंग चढला की आमच्या टेबलावर कोणीतरी म्हणायचंच, चला, या वावराला हळद लागली.

प्रश्न : आम्ही त्या जमिनीच्या शेजारच्या कॉलनीत राहतो. सुनावणीला आम्ही पंधरा-वीस जण गेलो, मी हात वर करून बोलायला लागले तर साहेब म्हणाले ताई तुमची लेखी हरकत फायलीत नाही, तुम्हाला बोलता येणार नाही. भरल्या हॉलमध्ये गप्प बसवलं. असं करता येतं का? – एक गृहिणी, जळगाव जिल्हा

ताई, तुम्हाला राग येईल पण साहेब नियमाने बोलले. बोलायची पद्धत कशी होती ते मला माहीत नाही, त्याबद्दल मी त्यांची बाजू घेत नाही.

मंजूर विकास आराखड्यात असा बदल करायचा तर तो १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली होतो. आधी नगरपालिकेच्या सभेत ठराव, मग राजपत्रात आणि पेपरात नोटीस, नोटीस निघाल्यापासून एक महिना हरकती-सूचनांसाठी, मग ज्यांनी हरकती दिल्या त्यांची सुनावणी, आणि मग प्रस्ताव सरकारकडे मंजुरीला जातो. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही हॉलमध्ये गेलात तो दिवस फक्त त्या महिन्याच्या मुदतीत कागद देणाऱ्यांचा होता. आपल्याकडे काय होतं, नोटीस पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, त्यात फक्त गट नंबर असतात, कोणाला वाटतं हे कोणाच्या तरी वाटणीचं असेल, आणि जेसीबी आल्यावर सगळे जागे होतात.

अजून एक गोष्ट सांगतो, यात भलेभले फसतात. लोक म्हणतात आधी माहिती अधिकारात कागद काढू आणि मग हरकत देऊ. माहिती अधिकाराला उत्तर द्यायची मुदत ३० दिवसांची आणि हरकतीची मुदतही महिन्याचीच! कागद हातात येईपर्यंत गाडी निघून गेलेली असते. म्हणून आधी ऑफिसात जाऊन नकाशा डोळ्याने बघा, मोबाइलमध्ये फोटो काढू देतात का विचारा, हरकत पहिल्या आठवड्यात देऊन टाका आणि पोच घ्या, तारखेचा शिक्का नीट बघून घ्या. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज त्याच दिवशी बाजूने टाकून ठेवा, सुनावणीपर्यंत उत्तर आलं तर आलं.

आणि हरकतीत "आमचा या प्रकल्पाला तीव्र विरोध आहे" एवढंच लिहू नका हो. असे कागद मी गठ्ठ्याने बघितलेत, एकाच झेरॉक्सवर २०० सह्या, आणि रिपोर्टमध्ये त्या गठ्ठ्याला एकच ओळ मिळते, "हरकत सर्वसाधारण स्वरूपाची". त्यापेक्षा गट नंबर टाका, लिहा की या गटातून नाला जातो तो प्रस्तावाच्या नकाशात दिसत नाही, आमच्या कॉलनीचा रस्ता अमुक मीटरचा आहे आणि नव्या कॉलनीची सगळी वाहतूक त्यावरूनच दाखवलीय. असल्या मुद्द्याला त्यांना उत्तर लिहावंच लागतं.

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ, ४ एकर त्या २० एकरात आहे. कापसाचं काय चाललंय तुम्हाला माहीत आहे, मुलं पुण्याला नोकरीला, वावरात पाय ठेवायला तयार नाहीत. आता कुठे चार पैसे दिसायला लागले तर कॉलनीवाले पर्यावरण पर्यावरण करताहेत, त्यांची कॉलनी पण वावरातच झाली होती ना? एक पार्टी विसार द्यायला तयार आहे, घेऊ का? – एक शेतकरी

बापू, कॉलनीवाल्यांबद्दल बोललात ते सोळा आणे खरं. सुनावणीत जे सगळ्यात मोठ्याने बोलत होते त्यांच्या घराखाली दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्वारी डोलत होती. शेतकऱ्याने कायम शेतकरीच राहावं आणि दुसऱ्याला गॅलरीतून हिरवं दिसावं, असा काही कायदा नाही.

पण विसार घ्यायच्या आधी जरा दम धरा. पहिली गोष्ट, ठराव झालाय, मंजुरी नाही. सभेने ठराव केला म्हणजे जमीन पिवळी झाली असं पार्टी तुम्हाला सांगेल, तसं नसतं, सरकारची मंजुरी येऊन ती राजपत्रात छापून येईपर्यंत तुमचं वावर हिरवंच आहे आणि प्रस्ताव परतही येऊ शकतो. दुसरं, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते आजच बघा. वर्ग २ असेल तर झोन बदलला तरी कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय तुमचं गाडं पुढे सरकत नाही, हे लोकांना भाव ठरल्यावर कळतं. वर्ग १ असेल आणि जमीन मंजूर आराखड्यात रहिवासी झोनमध्ये आली, तर पूर्वीसारखी वेगळी एनए, म्हणजे बिगरशेतीची परवानगी घेत हिंडायला लागत नाही, ठरलेली रक्कम भरायची असते.

तिसरं म्हणजे इन्कम टॅक्स. सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं की शेतजमीन विकली की टॅक्स नाही. खेड्यातल्या शेतजमिनीला नाही हे बरोबर, पण दहा हजारावर लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीत जमीन असेल तर ती आयकराच्या हिशोबाने शहरी जमीन, तिच्या नफ्यावर कर आहे. हद्दीबाहेरही लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर २ किलोमीटरपर्यंत, १ लाखाच्या वर १० लाखापर्यंत ६ आणि त्याच्या पुढे ८ किलोमीटरपर्यंत तेच. विकायच्या आधीची दोन वर्षं तुम्ही ती जमीन कसत असाल आणि विकल्यापासून दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली तर सवलत मिळते. बरेच जण इकडची विकून तिकडे चोपड्याकडे नाहीतर शिरपूरकडे केळीचं वावर बघतात ते याच्यासाठीही. सीएला आधी भेटा, पैसे खात्यात आल्यावर नको.

आणि काहीही झालं तरी कोऱ्या मुखत्यारपत्रावर सही करू नका. विसाराचे दोन लाख घेऊन मुखत्यारपत्र देऊन बसलेले शेतकरी मी बघितलेत, पुढे वावरातले प्लॉट तिसराच माणूस विकत असतो आणि हे बांधावर बसून मोजतात, आज किती गाड्या आल्या.

प्रश्न : नाना, आमना वावरनं काय हुई ते सांगा. आमचं वावर त्या कॉलनीच्या खालच्या अंगाला, फडातलं. पाट वरून येतो तो त्यांच्या जमिनीतूनच येतो. ते लेआउट पाडतील तेव्हा पाट बुजवतील, मग आम्ही काय करायचं? साहेबाला विचारलं तर म्हणे पाट नकाशात नाही. – साक्री तालुक्यातून

आबा, सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

ज्यांना फड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांझरेच्या खोऱ्यात नदीवर छोटे बंधारे घालून, पाट काढून, गावाची शेती फडात वाटून पाणी द्यायची पद्धत तीनशे वर्षांच्या वर चालत आलीय. कोणत्या फडात यंदा ऊस आणि कोणत्यात भुसार ते सगळे मिळून ठरवतात, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. हे सगळं माणसांच्या समजुतीवर चालतं आणि म्हणूनच कागदावर नसतं, इथंच घोळ होतो. आराखड्याचा नकाशा करणाऱ्याच्या पुढे गटाच्या हद्दी असतात, दोन हाताचा पाट त्याला दिसत नाही. मलाही दिसलेला नाही कित्येकदा, खोटं कशाला बोलू.

आता करायचं काय. पाट तुमच्या मालकीच्या जमिनीत नसला तरी वहिवाटीचं पाणी अडवलं तर १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे, कलम ५, तहसीलदाराकडे दावा लावता येतो आणि तो अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो. मुदत मात्र सहा महिन्यांची, पाट बुजवला त्या दिवसापासून, त्यामुळे "बघू, बोलू, मिटेल" करत उन्हाळा काढू नका. पण दावा म्हणजे बुजवल्यानंतरची गोष्ट झाली. त्याच्या आधी, हरकतीची मुदत संपली नसेल तर, आत्ताच फडातल्या सगळ्यांनी मिळून हरकत द्या आणि विरोधाबरोबर एक सूचनाही लिहा, की पाट लेआउटमध्ये दाखवावा, रस्ता जिथं ओलांडेल तिथं पाइप नाहीतर मोरी घालावी, साफसफाईला बाजूने पट्टी मोकळी ठेवावी. पाटाचे फोटो, पाणीपट्टीची जुनी पावती, पाटकऱ्याचा जबाब, जे असेल ते जोडा. सरकारी कालव्याचं पाणी असेल तर पाटबंधारेवाल्यांनाही एक प्रत द्या, लाभक्षेत्राच्या जमिनीबद्दल त्यांचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं.

आणि कोणी इंजिनिअर म्हणाला की कॉलनीतून पाट नेता येत नाही, तर त्याला सांगा की विश्वेश्वरय्या १८८४ साली सरकारी नोकरीत लागून खान्देशात आले तेव्हा त्यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक काम हेच होतं, पांझरेच्या पाटाचं पाणी नळाच्या सायफनमधून आडव्या ओढ्यापलीकडे नेणं. तेव्हा जमलं, आता तर सिमेंटचे पाइप तालुक्याला मिळतात.

प्रश्न : मी एका नगरपालिकेत इंजिनिअर आहे, नाव छापू नका. लोक सुनावणीत आम्हाला बिल्डरचे माणसं म्हणतात. गावात घरं कमी पडताहेत, भाडं वाढतंय, आम्ही झोन नाही बदलला तर लोक वावरात गुंठा गुंठा घेऊन विनापरवाना घरं बांधतात आणि मग आमच्याकडेच रस्ता-गटार मागायला येतात. कॉलनी नियमाने झाली तर वाईट काय?

साहेब, नियमाने झाली तर काहीच वाईट नाही. गुंठेवारीचं तुमचं दुखणं बरोबर आहे, २००१ चा नियमितीकरणाचा कायदा २०२१ मध्ये बदलून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घ्यावी लागली, म्हणजे वीस वर्षं लोक तसेच बांधत राहिले. सरळ मार्गाने प्लॉट मिळत नाही म्हणून माणूस आडमार्गाने जातो.

पण मग तुमच्या प्रस्तावात पाण्याचा हिशोब का नसतो? मी त्या सुनावणीला मागच्या खुर्चीवर बसलो होतो. दीड तास चर्चा झाली, विकास हा शब्द कितीदा आला मी मोजायचं सोडून दिलं, आणि पाण्यावर तुमच्यासारख्याच एका साहेबांचं उत्तर एका वाक्याचं, "पाणीपुरवठा टप्प्याटप्प्याने करण्यात येईल". तेव्हा एक म्हातारे बाबा उठले आणि म्हणाले, साहेब, आमच्या गल्लीत नळ येतो तोच टप्प्याटप्प्याने येतो. हॉल हसला. साहेब पण हसले. उत्तर कोणी दिलं नाही.

चला, आपणच मांडू. २० एकर म्हणजे साधारण ८१ हजार चौरस मीटर. लेआउटमध्ये १० टक्के ओपन स्पेस गेली, रस्त्यांना पाव हिस्सा धरा, कमीजास्त होईल. उरले ५० हजारांच्या वर. सव्वाशे चौरस मीटरचा प्लॉट धरला तर ४०० प्लॉट कुठे गेले नाहीत. घरात पाच माणसं, म्हणजे २ हजार माणसं. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं हे सरकारी मानक, गटार नसेल तर ७० धरत आलेत. म्हणजे रोजचे २ लाख ७० हजार लिटर, ७० नं धरलं तरी १ लाख ४० हजार. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजा, रोज २७ नाहीतर १४ टँकर. आणि ही फक्त बैठी घरं, वर मजला चढला की पुन्हा मांडा.

आता जेवढं पाणी येतं त्याचा ८० टक्के भाग सांडपाणी म्हणून बाहेर पडतो असं धरायची पद्धत आहे, म्हणजे वरच्या आकड्याने रोज २ लाख १६ हजार लिटर घाण पाणी. ते जाणार कुठे? उतार बघितला का? उतार नाल्याकडे, नाला बंधाऱ्याकडे आणि बंधाऱ्यातून पाट निघतो तो वरच्या साक्रीच्या आबांसारख्या कोणाच्या तरी वावरात. साहेब, तुम्ही बिल्डरचे माणूस आहात असं मी म्हणत नाही, पण हा अर्ध्या पानाचा हिशोब प्रस्तावाला जोडलात ना, तर हॉलमधला अर्धा आरडाओरडा तिथंच थांबेल. उरलेला अर्धा थांबणार नाही, तो राजकारणाचा असतो.

नदीकाठ असेल तर पूररेषाही जोडा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदीपासून निळीपर्यंत बांधकामाला बंदी आणि निळी-लालच्या मधे निर्बंध. लोक म्हणतात आमच्या नदीला तर पाणीच नसतं. नसतं, पण ज्या दिवशी वरून धरणाचे दरवाजे उघडतात त्या दिवशी तिला तिची जागा बरोबर आठवते.

प्रश्न : मी सुरतला कारखान्यात आहे. दोन वर्षांपूर्वी गावाकडे ग्रीन झोनमध्ये एक प्लॉट घेतला, नोटरी करून, साडेतीन लाख दिले. एजंट म्हणतो आता झोन बदलतोय, तुमचं नशीब उघडलं. खरं का?

दादा, नशीब कोणाचं उघडलं ते आधी सातबारा काढून बघा, त्यावर नाव कोणाचं आहे. नोटरीने मालकी मिळत नाही, नोंदणी झालेलं खरेदीखत लागतं. त्यात शेतजमीन घ्यायला आपल्या राज्यात घेणारा शेतकरी असावा लागतो, तुम्ही आहात का? झोन बदलला तर फायदा सातबाऱ्यावर नाव असलेल्याचा, आणि तो भाव वाढल्यावर तुम्हाला ओळखेल का ते तुम्हीच जाणता. उद्या बिल्डरने तिथंच मंजूर लेआउट केला तर त्यात तुमचा प्लॉट असेलच असं नाही, रस्ताही असेल. वकिलाला कागद दाखवा, शेतकरी ओळखीचा असेल तर आत्ताच, झोन बदलायच्या आधी, त्याच्याशी बसून बोला. एजंटला अजून पैसे देऊ नका.

बाकी कोणी अशा नव्या कॉलनीत प्लॉट घ्यायच्या विचारात असेल तर ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पाला, नुसत्या प्लॉटचा असला तरी, महारेरात, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात, नोंदणी लागते. नंबर मागा, साइटवर टाकून बघा. बोर्डावर "महारेरा प्रोसेसमध्ये" लिहिलेलं असेल तर तुमचा विसारही प्रोसेसमध्ये ठेवा.

थोडक्यात

*कॉलनीत ओपन स्पेस सोडलीय तिथं आता बिल्डर मंगल कार्यालय बांधतोय, चालतं का?* – नाही. ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर, आणि त्याच्या वरच्या लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, ती रहिवाशांच्या वापराची असते. मंजूर लेआउटची प्रत काढा आणि नगरपालिकेला लेखी द्या. नव्या २० एकरात ही जागा २ एकर भरते, ती नकाशात कुठे दाखवलीय ते आत्ताच बघा, बऱ्याचदा नाल्याच्या काठची वाकडीतिकडी चिंधोटी त्यात दाखवलेली असते.

*आमच्या वावरावर २० वर्षांपासून शाळेचं आरक्षण आहे, ना शाळा होते ना आम्हाला काही करता येतं. शेजारच्यांचा झोन बदलतोय, आमचं काय?* – तुमचा रस्ता वेगळा, कलम १२७. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यायची, त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. २० वर्षं बसून राहिलात, नोटीस दिली का? नाही ना? मग आजपासून मोजा. नोटिशीला मालकीचे कागद जोडा, नाहीतर तीच पळवाट होते.

*काळ्या जमिनीत घरं टिकतात का हो? आमच्या भावाच्या घराला दोन वर्षांत भेगा.* – कापसाची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, पाया वरच्यावर ठेवला तर भिंती बोलणारच. माती तपासून पाया खोल न्या. वावर बघताना हाताला गार, भुसभुशीत, मऊ लागतं म्हणून भुलू नका, कापसाला चांगलं ते घराला नाही.

*झोनचा नकाशा बघायला पैसे लागतात का? आमच्याकडचा बाबू दोनशे मागतो.* – बघायला लागत नाहीत. प्रमाणित प्रत पाहिजे असेल तर ठरलेली फी असते, तिची पावती मिळते. पावती मागा, दोनशेचे किती होतात ते बघा. आणि सकाळी जा, जेवणाच्या सुट्टीनंतर नकाशाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते कोणालाच माहीत नसतं.